चार वर्षांच्या हातात वही कशाला?

शेजारचा मुलगा यंदा मोठ्या गटात आहे. पाच पुरी व्हायला अजून दोन महिने आहेत. संध्याकाळी त्याची आई स्वयंपाकाला लागली की तो दप्तर घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसतो. परवा त्याला 'क' एक पान लिहून न्यायचा होता. मी शेजारी बसून नुसती बघत होते. त्याने आधी पानभर उभ्या रेघा मारून घेतल्या, एका चौकटीत एक. मग पुन्हा वर येऊन प्रत्येक रेघेच्या डाव्या अंगाला गोल काढत खाली गेला. मग उजवीकडची वळणं. शेवटी डोक्यावरच्या आडव्या रेघा, एका दमात. पान भरलं. एवढ्या वेळात 'क' हा उच्चार त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही. मी समोरच्या 'कटिंग सलून'च्या पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "त्यातलं पहिलं अक्षर कुठलं रे?" तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, ते आम्हाला अजून दिलं नाही."

मुलगा हुशार आहे. पानभर काम लवकर कसं उरकावं हे त्याचं त्यानेच शोधून काढलं. पण 'क' म्हणजे काढून द्यायचं एक चित्र, एवढंच त्याला ठाऊक झालंय. त्या चित्राला आवाज असतो, तोच आवाज 'कटिंग'मध्ये, 'कप'मध्ये आणि 'कणसा'त असतो, ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नाही. सांगायला वेळच नव्हता, कारण वही भरायची होती.

मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत २७ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. जून महिन्यात दरवर्षी अशी आठ-दहा मुलं यायची. बालवाडीच्या वह्या भरलेल्या, अक्षर वळणदार, आणि फळ्यावर 'घर' लिहिलं की गप्प. आई काकुळतीला येऊन सांगायची, "बाई, तिथं समदं लिहीत हुतं पोरगं, हितं आल्यावर काय झालं?" इथे येऊन काही झालेलं नसायचं. लिहिणं म्हणजेच वाचणं असं तिला सगळ्यांनी पटवून दिलेलं होतं, आणि बालवाडीची सगळी व्यवस्था याच समजुतीवर उभी होती. माझं म्हणणं सरळ आहे: बालवाडीतली आणि अंगणवाडीतली वही बंद करा. तो वेळ बोलण्याला, ऐकण्याला आणि पुस्तक वाचून दाखवण्याला द्या. वाचनाची सुरुवात तिथून होते.

वही टिकून का राहिली आहे, हे आधी समजून घेतलं पाहिजे. वही दाखवता येते. मुलाच्या कानात किती शब्द साठले, त्याला गोष्ट किती कळायला लागली, हे शनिवारच्या पालकसभेत टेबलावर मांडता येत नाही. फी भरणाऱ्या बापाला पावतीसारखं काहीतरी हातात लागतं, ती पावती म्हणजे वही. शाळा चालवणाऱ्यांनाही तेच सोयीचं पडतं, कारण तीस मुलांना गिरवायला बसवलं की वर्ग शांत राहतो. यात पालकांना मी दोष देणार नाही. ज्यांनी स्वतः पाटीवर पेन्सिल घासत अक्षर मिळवलं, त्यांना आपलं मूल मागे पडेल ही भीती वाटणारच. ती भीती खरी आहे. तिच्यावर दिलेलं औषध मात्र चुकीचं आहे.

हाताचंच आधी सांगते. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. चार-पाच वर्षांच्या मुलात ती सगळी तयार झालेली नसतात, काही अजून कूर्चेच्या रूपातच असतात. पेन्सिल मुठीत धरून, कागदावर जोर देऊन, जीभ बाहेर काढून लिहिणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या हाताला शेंगा फोडायला द्या, वाटाणे सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या, फुलं ओवायला द्या, फरशीवर खडूने हवं ते रेखाटू द्या. बोटं त्यातूनच तयार होतात. पहिलीला अशी बोटं घेऊन आलेलं मूल पंधरा दिवसांत वळणावर येतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

पण वाचनाचा खरा पाया कानात असतो. बोललेला शब्द हा लहान लहान आवाजांचा बनलेला आहे, हे मुलाला आपोआप कळत नाही. त्याच्यासाठी 'भाकरी' म्हणजे भाकरी, सबंध, गरम, ताटातली. तिचे भा-क-री असे तीन तुकडे पडतात हे त्याला टाळ्या वाजवून ऐकवावं लागतं. आता मी आठवड्यातून दोन दिवस गावातल्या अंगणवाडीत जाते. तिथे आमचा एक खेळ असतो. मी विचारते, "'मका'मधला 'म' पळून गेला, मागे कोण राहिलं?" पहिल्या दिवशी उत्तरं येतात ती अशी: "कणीस!" "गुरं खात्यात!" शब्दाचा अर्थ सोडून त्याच्या आवाजाकडे बघायचं, ही उडी त्यांनी अजून मारलेली नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक मुलगी हळूच म्हणते, "का." मग दुसरं, मग तिसरं. आणि एकदा का हे जमलं, की पुढे मुलं आपणहून असले खेळ करतात, एकमेकांच्या नावांचे तुकडे पाडतात, उलटे करतात, हसून लोळतात. आपल्या आज्यांनी भेंड्या, कोडी, बडबडगीतं यांतून हेच काम केलं होतं. त्यांच्याकडे त्याला शास्त्रीय नाव नव्हतं. आज जगभर वाचनाच्या अभ्यासात ध्वनींची जाणीव हा पायाचा दगड मानतात, आणि आपण तो उचलून त्या जागी चौकटीची वही ठेवलीय.

देवनागरी या बाबतीत मुलांवर मेहेरबान आहे. इंग्रजीची अक्षरं २६ आणि आवाज चाळीसच्या वर, त्यामुळे एकच 'सी' कधी 'क' होतो, कधी 'स'. मराठीत 'म' जवळजवळ सगळीकडे 'म'च. आवाज ओळखणाऱ्या मुलाला अक्षर म्हणजे ओळखीच्या माणसाचा फोटो वाटतो. पण लिपीत अवघड जागाही आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, बोलताना मात्र 'क' आधी. रफार आवाजाच्या आधी उच्चारायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. बाराखडीच्या हिशेबाने रूपं चारशेच्या वर जातात, जोडाक्षरं वेगळीच. कन्नडसारख्या आपल्या शेजारच्या लिपीवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलंय की एवढा अक्षरसाठा पक्का व्हायला मुलांना तिसरी-चौथीपर्यंतचा काळ लागतो. जे काम चार-पाच वर्षं चालणार आहे ते चौथ्या वर्षी उरकून टाकायची घाई कशासाठी?

आणि क्रम? आजही कितीतरी बालवाड्यांत 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत अंकलिपीच्या रांगेने जातात. 'ई ईडलिंबाची' म्हणणाऱ्या किती मुलांनी ईडलिंबू पाहिलंय? 'ष षटकोनाचा' म्हणजे चार वर्षांच्या लेकराला काय कळणार? 'ऋ', 'ङ', 'ञ' यांच्यासाठी त्याच्या आयुष्यात एकही शब्द नाही. रांग ही मोठ्यांच्या व्याकरणाची आहे, आणि ती सुंदर आहे, कंठापासून ओठापर्यंत येणारी. ती दुसरी-तिसरीत जरूर शिकवा. सुरुवातीला मात्र र, म, क, न, ल, घ, ब अशी थोडी आणि रोजची अक्षरं घ्यावीत, की चौथ्या-पाचव्या दिवशी मुलाला 'कर', 'मर', 'बघ', 'घर' असं काहीतरी खरंच वाचता येईल. स्वतःहून वाचलेला पहिला शब्द मुलाला जो आनंद देतो, त्याच्यापुढे वहीतले दहा तारे फिके आहेत.

आता भाषेचं. आमच्याकडची मुलं 'पानी' म्हणतात, 'न्हाई' म्हणतात, 'हाय' म्हणतात. बालवाडीत पाय ठेवताच त्यांना दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात: हे अक्षर असं आहे, आणि तुझ्या घरचं बोलणं चुकीचं आहे. मूल गप्प होतं. गप्प झालेलं मूल वाचायला कसं शिकणार? फलटणमध्ये याचं उत्तर शोधणाऱ्या एक बाई होत्या. मॅक्सिन बर्नसन जन्माने अमेरिकन, भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी फलटणच्या बोलीवरच पीएचडी केली, तिथेच स्थायिक झाल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. ज्या बोलीला आपण गावंढळ म्हणून हिणवतो तिचे आवाज त्यांनी एकेक करून नोंदले, आणि मग त्याच गावातल्या मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. मुलाच्या तोंडचा शब्द आधी मान्य करायचा, तोच फळ्यावर लिहायचा, आणि प्रमाण रूप हळूहळू शेजारी आणून बसवायचं, यात मला तरी शंका उरलेली नाही. जतच्या पूर्व भागात तर घरात कन्नड आणि अंगणवाडीत मराठी अशी लेकरं आहेत. हंगामात कारखान्याच्या तळावर कोप्यांत राहणारी ऊसतोड कामगारांची लेकरं बीडकडची बोली घेऊन येतात आणि मार्चनंतर निघून जातात. त्यांच्यासाठी तर बोलणं-ऐकणं सोडून दुसरी सुरुवातच नाही.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नाही यावरून महाराष्ट्र पेटला, आणि जूनअखेरीस सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. माझा पहिलीतल्या तिसऱ्या भाषेला विरोधच होता. पण तेवढ्याच पोटतिडकीने कुणी हे विचारलं नाही की तिसऱ्या वर्षी मिनी केजीत जाणाऱ्या मुलाची पहिली भाषा कुठे गेली. सातारा, कराड, सांगली, मिरज, अगदी तालुक्याच्या गावांतसुद्धा घरात एक वाक्य इंग्रजी न बोलणारी मुलं 'ए फॉर ॲपल' घोकतात. ज्या भाषेतले हजार शब्दही कानावरून गेलेले नाहीत त्या भाषेची अक्षरं आधी शिकवणं, म्हणजे विहिरीला पाणी लागायच्या आत मोट बांधणं. इंग्रजी यायलाच हवी, आणि मराठी वाचता येणाऱ्या मुलाला ती लवकर येते.

कागदावर सगळं ठीक आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकत्र धरून पायाभूत टप्पा केला. २०२२ मध्ये त्या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, आणि तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तकं नकोत असं त्यात स्पष्ट आहे. २०२१ मध्ये निपुण भारत हे केंद्राचं अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, आणि हे २०२६-२७ पर्यंत व्हावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. पण 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या २०२४च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतली २३.४ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. चारातलं एकसुद्धा नाही. या मुलांपैकी बहुतेकांनी बालवाडी किंवा अंगणवाडी पाहिलेली असणार.

आपल्या जिल्ह्याने याआधी वाट दाखवलेली आहे. कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या गटातल्या, शाळांत मुलं स्वतः शिकताना बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाला त्यामागे या कामाची प्रेरणा होती. पण बघायला आलेल्यांपैकी पुष्कळांनी फरशीवरची आखणी आणि भिंतीवरचे रंग तेवढे उचलून नेले. मुलांशी बोलायचं कसं आणि त्यांचं ऐकायचं कसं, हे नेणं अवघड होतं, ते मागे राहिलं. मला याचं फार वाईट वाटतं. तसंच १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला नेलं, आणि आदिवासींच्या झोपड्यांसमोरच्या अंगणात बालवाडी भरवली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो शब्द देशभर गेला. शब्द गेला, पोषण आहार आला, वजनकाटा आला. गोष्टी आणि गाणी मात्र वाटेत गळाली.

इथे दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही माझं भांडण आहे. काही जण म्हणतात, सहा वर्षांपर्यंत मुलांना अक्षर दाखवूच नका, नुसतं खेळू द्या. ते न्यूझीलंडमधल्या अभ्यासाचा दाखला देतात. पाचव्या वर्षी वाचन शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं तिथे पारखली, आणि अकराव्या वर्षाच्या सुमाराला दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्येही शाळा सातव्या वर्षी सुरू होते. हे खरं आहे, आणि घाई करणाऱ्या पालकांनी ते ऐकलंच पाहिजे. पण उशिरा शिकलेल्या त्या मुलांचे मधले दिवस गोष्टींनी आणि गाण्यांनी भरलेले होते. फिनलंडच्या घरात पुस्तकं असतात, गावात वाचनालय असतं. आमच्या अंगणवाडीतल्या वीस मुलांपैकी तीन घरांत कॅलेंडर सोडून छापील कागद नाही. या मुलाला नुसतं खेळायला सोडलं आणि शहरातल्या मुलाला त्याची आई रात्री पुस्तक वाचून दाखवत राहिली, तर पहिलीच्या पहिल्या दिवशीच दोघांत काही हजार शब्दांचं अंतर पडलेलं असतं. ते अंतर बालवाडीने भरून काढायचं, तिचं कामच ते. म्हणून अक्षरांनी वेढलेलं वातावरण हवं: खुंटीवर मुलाचं नाव, डब्यांवर 'तांदूळ', 'मूग', एसटीच्या पाटीवरचा 'सातारा'. गिरवायला नाही, ओळखायला.

आणि रोज एक पुस्तक. मोबाइलवरचा व्हिडिओ नको, हातात धरलेलं पुस्तक. अंगणवाडीत आम्ही मुलांना अर्धगोलात बसवतो, चित्र सगळ्यांना दिसेल असं पुस्तक धरतो, वाचताना बोट ओळीखालून फिरवतो. मध्येच थांबून विचारतो, आता काय होईल? एकच पुस्तक आठवडाभर. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही, उलट एक शब्द बदलला तर ती अडवतात. गेल्या श्रावणात एक साडेचार वर्षांची मुलगी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली आणि बाहुलीला वाचून दाखवायला लागली. पुस्तकात होतं, 'मांजर झाडावर चढलं.' ती म्हणत होती, "मांजार झाडाव गेलं, आन् मग त्येला खाली यायाच ईना." बोट ओळीखालून डावीकडून उजवीकडे, पान संपलं की उलटायचं, चित्रावर नाही तर छापील ओळीवर बोट. तिला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. पण वाचणं ही काय गोष्ट आहे हे तिला पुरतं कळलं होतं. दिवाळीनंतर तिने 'मांजर'मधला 'मां' स्वतःहून बोट ठेवून दाखवला, कारण तिच्या नावाची सुरुवातही 'मा'ने होते, आणि मग तो टिंब कशाला असं मला विचारलं. हा प्रश्न चौकटीच्या वहीतून कधीच आला नसता.

हे करायला काय लागतं? पुस्तकं पन्नास रुपयांच्या आसपासही चांगली मिळतात. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायची असते, त्यातून वर्षाला पंचवीस पुस्तकं सहज येतील. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर भिलार आहे. २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडलीत, ती पर्यटकांसाठी. ज्या जिल्ह्यात हे जमलं तिथे अंगणवाडीत एक फळी जमणार नाही? खरी अडचण अंगणवाडीच्या ताईंच्या वेळेची आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधल्या नोंदी, रजिस्टरं, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणं, बैठका. डिसेंबर २०२३ पासून दीड-पावणेदोन महिने त्यांनी मानधनासाठी संप केला, तेव्हा पेपरात आहार बंद पडल्याच्या बातम्या आल्या. गोष्ट बंद पडल्याची बातमी कुणी दिली नाही. ताईंना रोज वीस मिनिटं अशी मिळाली पाहिजेत की ज्यात कुठलाही अधिकारी फोन करणार नाही आणि कुठलीही माहिती मागणार नाही. वाचून दाखवायचं कसं याचं प्रशिक्षण बैठकीतल्या भाषणातून होत नाही, जी ताई ते चांगलं करते तिच्या वर्गात बसून होतं. बीटमधल्या दहा जणींनी महिन्यातून एकदा असं बसावं, एवढी मुभा प्रकल्प अधिकारी आजही देऊ शकतात.

लवकरच बालवाड्यांच्या प्रवेशाचे फलक लागतील. प्रवेशाच्या वेळी तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेत असतील तर हरकत घ्या. वह्या किती भरतात हे विचारू नका. रोज मुलांना काय वाचून दाखवता, आणि कोण वाचतं, ते विचारा. पुस्तकं कुठे ठेवलीत ते स्वतः आत जाऊन बघा. काचेच्या कपाटात कुलूप लावून, कोरी करकरीत असतील, तर पुढची शाळा बघा. कोपरे मुडपलेली, पानांना डिंक लावलेली, मुलाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर असतील, तर तिथे नाव घाला.